अण्णा मगदुमांचा वरचष्मा

सांगलीच्या हळदपेठेत तुम्ही नवे असाल, तर अण्णा मगदूम तुमचं नाव विचारत नसत. गावही विचारत नसत. तुम्हाला समोर बसवायचे, हातातलं हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायचे, त्याचा टक्क असा आवाज डोळे मिटून ऐकायचे आणि मग विचारायचे, "वरचष्मा म्हंजे काय हो?"

मलाही हाच प्रश्न आला. एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. मी साताऱ्याहून बी.कॉम. होऊन आलेला, पेठेच्या कार्यालयात नवा सेक्रेटरी. विश्रामबागेत एक खोली भाड्यानं घेतली होती आणि सगळ्या जगाला शिस्त लावायची तयारी ठेवून रोज सायकलवरून पेठेत येत होतो. अण्णा पेठेतले जुने अडते. शेतकऱ्याची हळद त्यांच्या दुकानी यायची आणि ते ती व्यापाऱ्याला विकून द्यायचे. अशा माणसानं पहिल्याच भेटीत परीक्षा घ्यावी, याचा मला थोडा रागच आला.

"वरचष्मा म्हणजे वर्चस्व," मी म्हणालो.

"ते त्याचं भावंड झालं, सेक्रेटरी. मी त्याचा बाप इचारतोय."

आता ना ते अण्णा आहेत, ना ती पेठ. मध्यंतरी पेठेची एक स्मरणिका कुणीतरी मला घरपोच आणून दिली. तिच्यात अण्णांवर एकच वाक्य आहे. 'जुन्या पद्धतीतला आपला वरचष्मा जाऊ नये म्हणून त्यांनी उघड्या लिलावाला अखेरपर्यंत विरोध केला.' वाक्य छापणाऱ्याची यात काही चूक नाही. ते मुळात माझं आहे. मी ते भर सभेत बोललो होतो आणि सभेच्या वृत्तान्तात सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. माझं आता वय झालंय, आणि ते वाक्य चुकीचं आहे हे ज्याला माहीत आहे असा मी एकटाच उरलो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

अण्णा दिसायला साधे. किडकिडीत, उंच, डोक्याला पिवळट पटका. मूळचा पांढराच, पण हळदीच्या पेठेत पांढरं काही पांढरं राहत नाही. धोतराचा सोगा पिवळा, नखं पिवळी, कानाच्या पाळ्या पिवळ्या. लग्नसराईत परगावचे पाहुणे त्यांनाच नवरा मुलगा समजतात, असं पेठेतले लोक सांगायचे. त्यावर अण्णा म्हणायचे, "लगीन एकदा झालं, हळद मातूर उतरलीच न्हाई."

बोलताना त्यांचं एक पालुपद होतं, "मुळात जाऊ." भाव पडला, मुळात जाऊ. पाऊस लांबला, मुळात जाऊ. कुणाची सून माहेरी निघून गेली, तरी अण्णांचं मुळात जाऊ. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, प्रत्येक गोष्टीच्या मुळात कशाला जायचं?"

"आवं, हळकुंडाचा धंदा हाय आमचा," ते म्हणाले. "पानं बघून खरीदी केली असती तर कवाच भिकंला लागलो असतो."

वरचष्मा या शब्दाच्या मुळात ते किती वर्षं जात होते, कुणास ठाऊक. जो भेटेल त्याला विचारायचे. आणि गंमत अशी, की उत्तर ज्याच्या त्याच्या धंद्यासारखं यायचं. तालमीतला वस्ताद म्हणाला, "अण्णा, गडी चितपट व्हायच्या आधी त्याच्या डोळ्यांत कळतं. तिथं जे कळतं त्यो वरचष्मा." एका वकिलांनी त्यांना समोर बसवून तासभर समजावलं. अण्णांना मधे एक शब्द बोलू दिला नाही. बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "अर्थ कळला न्हाई. पर नमुना बघाय मिळाला."

विश्रामबागेत एक डोळ्यांचे डॉक्टर होते. अण्णा तिथंही गेले. चष्म्याचाच काही संबंध असेल, अशी त्यांना शंका. डॉक्टरांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि अण्णांना वाचायचा चष्मा लावून दिला. तो अण्णांनी कपाळावर चढवून पेठभर मिरवला. डोळ्यांवर कधी घेतला नाही. "ह्यो एक अर्थ झाला," म्हणायचे, "पर मला पटला न्हाई. लय सोपा हाय." शाळेतल्या मराठीच्या गुरुजींनी सांगितलं, "वरचष्मा म्हणजे प्रभुत्व, श्रेष्ठत्व, सरशी." अण्णा म्हणाले, "गुरुजी, मी एकाला शोधत आलो, तुमी तिघांस्नी हाती दिलं. आता ह्येंचं मूळ इचाराय परत येऊ व्हय?"

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्यांचं उत्तर सगळ्यांत छोटं. त्या चुलीपुढून मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या आईला इचारायचं हुतं. त्येंच्यापाशी हुता."

पुढं कुणीतरी सांगितलं, की मिरजेत एक वृद्ध मुनशी आहेत, फारसी जाणतात. अण्णांनी मला सोबत घेतलं. टांग्यानं गेलो. मुनशींनी चहा दिला, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, बर म्हणजे वर. चश्म म्हणजे डोळा. दरबारात हुकूम झाला की खालचा माणूस आपली बोटं डोळ्यांना लावून म्हणायचा, हुकूम सर आँखों पर, तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर. तिथून हा शब्द निघाला असावा.

खरंखोटं विद्वानांना ठाऊक. मी फक्त अण्णांकडं बघत होतो. एरवी असं उत्तर मिळालं असतं तर त्यांनी मुनशींची उलटतपासणी घेतली असती. त्या दिवशी नमस्कार करून उठले आणि टांग्यात जाऊन बसले. टांगा सांगलीच्या वाटेला लागल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे सेक्रेटरी, ह्यो शब्द वर बसणाऱ्याचा न्हाईच. खाली वाकणाऱ्याचा हाय. त्यो डोळ्यावर घेतोय म्हणून ह्यो वर."

"असेल," मी म्हणालो. मला भूक लागली होती.

"मग वरचढ कोन झाला म्हणायचा?"

मला तो एका म्हाताऱ्याचा छंद वाटत होता. कुणी तिकिटं जमवतं, कुणी कबुतरं पाळतं. हे शब्दाच्या मागं लागले होते. छंदाच्या मागं काय आहे, ते विचारायचं मला सुचलं नाही. पेठेत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते आमच्या कार्यालयातल्या शिपायानं, महादूनं, सांगितलं.

अण्णांना एक धाकटा भाऊ होता, पायगोंडा. वडिलांनी मरताना दोघांना जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्या माघारी एकाचा दुसऱ्यावर वरचष्मा नको." दोघांनीही मान डोलावली. वडील गेले. दुकानात वडिलांची गादी होती, लोड होता, पुढं उतरतं मेज. आता त्या गादीवर बसायचं कुणी? अण्णा म्हणायचे, तू बस. पायगोंडा म्हणायचा, तुमी थोरले. दोघंही बसेनात. कित्येक महिने दोघं भाऊ दुकानात जमिनीवर बसायचे आणि गादी मोकळी. गिऱ्हाइकं खुशाल तिच्यावर बसायची. एकदा एका शेतकऱ्यानं तिच्यावर झोप काढली. त्याला कुणी उठवलं नाही. तो घरातला नव्हता ना.

एके दिवशी एक शेतकरी पावतीसाठी खोळंबला होता. त्याची गाडी सुटत होती. शाई मेजावर, मेज गादीपुढं. अण्णा तिथं जाऊन सही करायला लागले आणि नेमका पायगोंडा दारात आला. त्यानं बघितलं. संध्याकाळी बायकोला आणि ट्रंकेला घेऊन कोरेगावला गेला. ती त्याची सासुरवाडी. तिथं स्टेशनजवळ त्यानं किराण्याचं दुकान टाकलं. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी शब्द बोलले नाहीत.

मी एकदा अण्णांपाशी हा विषय काढलाच. ते लगेच म्हणाले, "मी बसलो न्हवतो. टेकलो हुतो."

"मग जाऊन तसं सांगायचं त्यांना."

"आवं, समजूत घालाय थोरला जातोय. गेलो म्हंजे मी थोरला झालो. आनि 'ये' म्हणून सांगावा धाडला तर हुकूम झाला. कुठनंबी गेलं तरी वरचष्माच."

मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही.

आता पेठेतली जुनी सौद्याची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हळदीचा ढीग ओतलेला असायचा. अडत्या ढिगाशेजारी बसून मांडीवर उपरणं पसरायचा आणि उजवा हात त्याखाली धरायचा. व्यापारी एकेक करून पुढं यायचे, उपरण्याखाली हात घालायचे आणि अडत्याची बोटं दाबून आपला भाव सांगायचे. किती बोटं, कितीदा दाबली, यावरून आकडा ठरायचा. तोंडातून चकार शब्द नाही. चेहरा दगडासारखा. सगळ्यांचे हात झाले, की अडत्या उठून सांगायचा, अमुक शेटचा माल. कुणी किती दिले, ते फक्त त्यालाच माहीत. शेतकरी बिचारा लांब उभा राहून उपरण्याची हालचाल बघायचा. त्याच्या वर्षाचं भवितव्य त्या फडक्याखाली वळवळायचं.

सौद्याच्या दिवशी कोरेगावहून रेल्वेनं पायगोंडाही यायचे. पेठेत त्यांना सगळे कोरेगावकर म्हणत. बसक्या अंगाचे, गप्प गृहस्थ, हातात एक पिशवी. त्यांचा क्रम ठरलेला. दुसऱ्या कुठल्याही अडत्याकडं न थांबता थेट अण्णांच्या ढिगाशी यायचे आणि रांगेत सर्वांत शेवटी उभे राहायचे. पाळी आली, की उकिडवे बसायचे, उपरण्याखाली हात घालायचे. अण्णा एकीकडं बघत. कोरेगावकर दुसरीकडं. बाकीच्यांचा हात क्षणात बाहेर यायचा. यांचा यायचाच नाही. मागं खाकरणं, कुजबुज, हमालांची टिंगल.

"कोरेगावकर आलं रं. बसा आता बिडी वडत."

"दोन आणे वाढवायला किती इचार करतोय गड्या ह्यो!"

मग हात बाहेर यायचा, कोरेगावकर धोतर झटकत उठायचे आणि अण्णा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारायचे. दर वेळी. कोरेगावकरांना अण्णांच्या दुकानातून एक पोतं कधी मिळालं नाही. ते शेवटी शेजारच्या अडत्याकडून एखादं पोतं घ्यायचे, रेल्वेनं माल पाठवायची बिल्टी करायचे आणि गाडी गाठायचे. पेठेनं यावरून निष्कर्ष काढला होता, की अण्णा सख्ख्या भावाला चारचौघांत तोंडघशी पाडतात. भाऊ हात पुढं करतो, अण्णा त्याला रिकामा परत पाठवतात. मलाही ते उघड दिसत होतं. मुळात जाण्याची मला गरज वाटली नाही.

मग उघड्या लिलावाचा विषय निघाला. सरकारचं धोरण तसं होतं, आणि मलाही ते पटलेलं होतं. आजही पटतं. फडक्याखालचा भाव शेतकऱ्याला दिसत नाही, ही लबाडीला आयती वाट होती. भाव मोठ्यानं बोलला जावा, सगळ्यांनी ऐकावा. मी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना हे सांगत होतो. पेठेतले अडतेही हळूहळू तयार झाले. एकटे अण्णा अडून बसले.

त्यांची कारणं ऐकून सभेत हशा व्हायचा. कधी म्हणायचे, ओरडून घसा बसतोय. कधी म्हणायचे, "हळद ही शुभ वस्तू हाय. लग्नाघरची. तिचा भाव चवाट्यावर पुकारायचा म्हंजे लेकीची सोयरीक दवंडी पिटून करण्यासारखं हाय." एक शेतकरी उठून म्हणाला, "आवं अण्णा, सोयरीक तुमी करा, पर मुलीच्या बापाला तरी सांगा की काय ठरलं ते!" अण्णा हळकुंड मोडत बसले.

मला जोर चढला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, हळदीचं कौतुक पुरे. हा सगळा तुमचा वरचष्मा टिकवायचा खटाटोप आहे. इथं सर्वांना ते माहीत आहे. तुमच्या भावालासुद्धा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "शब्द बरुबर जागी बसवलासा. लागलाबी बरुबर. पर मुळात गेला न्हाईसा."

त्या दिवशी ठराव झाला नाही. बाकीचे लोक अण्णांचा मान राखून होते. ते समोर असताना हात वर करायला कुणी धजेना. मग पुढच्या सभेला मी एक हुशारी केली. अण्णा जैन. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नसत. कितीही मोठं काम असो, उन्हं भिंतीवर चढली, की ते उठून जेवायला जात आणि त्यांना कुणी अडवत नसे. मी लिलावाचा विषय यादीत तळाला टाकला. वरचे विषय लांबवत नेले. गटाराच्या झाकणांवर इतकी सखोल चर्चा सांगलीत त्याआधी झाली नसेल. अण्णा खिडकीकडं बघत होते, माझ्याकडं बघत होते. त्यांना कळलं असावं. शेवटी उठले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं." ते बाहेर पडले आणि ठराव झाला.

मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. काम चांगलं होतं, हे खरं. पण माणूस जेवायला गेलेला असताना ते केलं, हेही खरं.

पहिला उघडा लिलाव झाला त्या दिवशी पेठेत जत्रेसारखी गर्दी होती. शेतकरी ढिगांभोवती कडं करून उभे. अण्णांच्या ढिगाशी मी स्वतः थांबलो होतो. व्यापारी भाव ओरडत होते, शेतकऱ्यांचे चेहरे फुलत होते. उपरणं अण्णांच्या खांद्यावर होतं. उजवा हात मात्र सवयीनं मांडीवर उताणा पडला होता, उघडा. शेवटी नेहमीसारखे कोरेगावकर पुढं आले.

"बोला, कोरेगावकर!" मी उत्साहानं म्हणालो. "आता मोठ्यानं. लाजायचं नाही!"

लोक हसले. कोरेगावकरांनी अण्णांच्या उघड्या हाताकडं बघितलं. मग भोवतालच्या गर्दीकडं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. कोरेगावकर पिशवी सावरत मागं सरले आणि गर्दीतून निघून गेले. कुणीतरी मागून ओरडलं, "पाव्हनं, भाव इसरला व्हय?" पुन्हा हशा झाला. हसणाऱ्यांत मी होतो.

पुढच्या सौद्याला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. त्या हंगामात परत कधीच आले नाहीत.

अण्णा लिलावाला बसत होते. पण वरचष्म्याचा प्रश्न त्यांनी विचारायचा बंद केला. पेठेत एक नवे बँक मॅनेजर आले, तर अण्णांनी त्यांना चक्क नाव विचारलं. महादू माझ्याकडं येऊन म्हणाला, "साहेब, अण्णांची तब्येत बरी न्हाई वाटतं."

एका दुपारी मी त्यांच्या दुकानी गेलो. मनात काहीतरी टोचत होतं, पण मी ते टोचणं आकड्याच्या प्रश्नात गुंडाळलं. "अण्णा, आता काही लपवायचं राहिलं नाही," मी म्हणालो. "एवढी वर्षं कोरेगावकर तुम्हाला भाव तरी काय देत होते? इतका कमी का पडायचा?"

अण्णांनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"भाव?" ते म्हणाले. "त्यानं कवाच भाव दिला न्हाई."

"म्हणजे?"

"नुस्ती बोटं धरून बसायचा. दाबायचा न्हाई. मीबी इचारायचो न्हाई." मग म्हणाले, "आवं, बोलायचं तर आधी कोन बोलणार? फडक्याखाली तसं नसतंय. तिथं कुणाचा हात वर आनि कुणाचा खाली, ते कुणाला दिसतंय?"

सगळ्या सभांमध्ये त्यांनी हळदीच्या लाजेपासून घशापर्यंत नाही नाही ती कारणं दिली होती. हे एक सोडून.

"तुम्ही सभेत हे का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझा भाऊ हात धराय येतोय म्हणू? लोक त्याला हसलं असतं. आताबी कुणाला सांगू नका, सेक्रेटरी. त्यो हाय तवर न्हाई आनि मी हाय तवरबी न्हाई."

मी सांगितलं नाही. तेवढा एक शब्द पाळला. पण त्या गप्प राहण्याचाच परिणाम असा झाला, की माझं सभेतलं वाक्य पेठेत खरं म्हणून रुजलं आणि शेवटी छापूनही आलं. आता दोघंही नाहीत.

त्या दुपारनंतर काही दिवसांनी मी साताऱ्याला घरी निघालो होतो. अण्णा सकाळीच स्टेशनवर उभे. खांद्यावर उपरणं, कपाळावर डॉक्टरांचा चष्मा, हातात काही नाही.

"साताऱ्याच्या वाटंवर कोरेगाव लागतंय न्हवं?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"लागतं की."

"मला जरा बाजार करायचा हाय."

गाडीत ते खिडकीशी बसून होते. उसाची रानं गेली, नदीवरचा पूल गेला. मधेच म्हणाले, "समजूत घालाय न्हाई चाललो हां मी. गिऱ्हाईक म्हणून चाललोय. गिऱ्हाईक थोरला नसतंय, धाकला नसतंय." आणि जरा वेळानं, "दुकान उघडं असंल न्हवं?"

कोरेगावला मीही उतरलो. मला पुढं जायचं होतं, पण त्यांना एकटं सोडवेना. स्टेशनसमोरच दुकान होतं. डबे, वजनकाटा, मिरच्यांचं पोतं, दोऱ्याचं रीळ. पायगोंडा एका बाईला साखर मोजून देत होते. त्यांनी मान वर केली. हातातला डाव साखरेत तसाच राहिला. ती बाई "आवं, द्या की" म्हणाली, तेव्हा ते भानावर आले. तिची साखर दिली. मग अण्णांकडं न बघता, काट्याकडं बघत म्हणाले, "काय देऊ?"

"हळद," अण्णा म्हणाले. "पावशेर."

सांगलीच्या पेठेतला जुना अडत्या कोरेगावच्या किराणा दुकानात पावशेर हळद मागत होता. मला हसू यायला हवं होतं.

"कुठली हाय?" अण्णांनी विचारलं.

"वाईची. सांगलीची ठेवत न्हाई आता."

"का बरं?"

"तिथं लय वरडत्यात."

अण्णांनी मान हलवली. "व्हय. मीबी आयकलंय तसं."

पायगोंडांनी डबा काढला. तोलायला घेतलं. काटा समतोल झाल्यावर आणखी एक चिमूट टाकली, ती पुन्हा काढली, पुन्हा टाकली.

"भाव काय?" अण्णांनी विचारलं.

पायगोंडांनी भाव सांगितला. मोठ्यानं, स्पष्ट. अण्णा उभ्या आयुष्यात हळदीच्या भावावर वाद घातल्याशिवाय राहिले नव्हते. आणि तो भाव जास्तच होता, मलाही कळत होतं. अण्णांनी डोळे मिटले, दोन्ही हातांची बोटं पापण्यांना लावली आणि म्हणाले, "बरुबर हाय."

पायगोंडा त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना मिरजेचे मुनशी माहीत नव्हते. पण काहीतरी पोचलं असावं. त्यांनी कागद फाडला, हळद ओतली, पुडी बांधायला घेतली. दोरा एकदा गुंडाळला, सैल वाटला, सोडला. पुन्हा गुंडाळला. गाठ मारली, ती सोडली. कागदच बदलला. मागं एक गिऱ्हाईक तेलाची बाटली घेऊन उभं होतं, ते वैतागून निघून गेलं. अण्णा उभेच. घाई करत नव्हते.

तेवढ्यात स्टेशनात शिट्टी झाली. मिरजेकडं परत जाणारी गाडी आली होती. अण्णांनी घाई केली असती तर ती मिळाली असती. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी जागचं पाऊल हलवलं नाही. पायगोंडा मान खाली घालून तिसऱ्यांदा दोरा गुंडाळत होते. गाडी थांबली, सुटली, तिचा आवाज लांब गेला.

सांगलीला जायला आता एकच गाडी होती, ती उन्हं कलल्यावर, आणि ती पोचेपर्यंत दिवस मावळायचा. पायगोंडांनी इतकी वर्षं तिथून ये-जा केली होती. त्यांना ते वेळापत्रक तोंडपाठ होतं. त्यांनी शेवटची गाठ मारली, आतल्या दाराकडं तोंड केलं आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "भाकरी टाक गं. दोन मानसं वाढल्यात."